व्यवहाराला चोख : पाइनच्या मुळांवरल्या बुरशीस अनावृत पत्र

प्रिय स्युइलस,



पत्रास कारण तुझी सध्या होत असलेली स्तुती. जमिनीखालून झाडं एकमेकांशी गुजगोष्टी करतात, म्हातारं झाड पिल्लांना भरवतं आणि ही सारी ने-आण तू निरपेक्ष भावनेनं करतेस, अशा चित्रफिती आमच्या फोनवर सुविचारांसोबत रोज सकाळी येऊन पडतात. खाली जोडलेल्या हातांची रांग असते. आमच्याकडे कुणाला एकदा देव्हाऱ्यात बसवलं की त्याची चौकशी करायची गरज संपते. तुझ्याबाबतीत तेच होऊ घातलंय. म्हणून तुझ्याविषयी जे खरोखर ठाऊक आहे ते तुलाच उद्देशून, पण चार लोकांना ऐकू जाईल अशा बेतानं लिहितो आहे.

तू संत नाहीस, व्यवहाराला चोख आहेस. उंच डोंगरावरचा पाइन त्या चोखपणाच्या जोरावर उभा असतो. हा व्यवहार कसा चालतो ते न कळल्यामुळे आम्ही तो ठिकठिकाणी मोडत चाललो आहोत, हे माझं मुख्य म्हणणं.

आधी तुझी ओळख, कारण ज्यांच्यापर्यंत चित्रफीत पोचली त्यांच्यापर्यंत तुझं नाव पोचलेलं नाही. आल्प्समध्ये, रॉकी पर्वतात आणि आपल्या हिमालयात, पाच-पाच सुयांचे गुच्छ असणाऱ्या पाइनखाली ओलावा धरला की पिवळट, बुळबुळीत टोपीची भूछत्रं उगवतात. टोपी उलटी केली तर खाली पात्या दिसत नाहीत, बारीक छिद्रं दिसतात. ती तुझी फळं. चार दिवसांत सडून जाणारी. खरी तू वर्षभर मातीत असतेस, धाग्यांच्या रूपात. लॅकेरिया, रायझोपोगॉन, कॉर्टिनेरियस, काळीकुट्ट सेनोकॉकम अशी तुझ्या धंद्यातली बरीच मंडळी आहेत आणि एकाच पाइनच्या मुळांवर यांतल्या अनेकजणी एकाच वेळी नांदतात. पण उंचावरच्या पाच सुयांच्या पाइनशी तुझं जितकं जमतं तितकं फार थोड्यांचं जमतं, म्हणून पत्र तुझ्या नावानं.

आता पाइनची अडचण. शेतकरी ज्याला नत्र म्हणतो तो नायट्रोजन हवेत 78 टक्के आहे आणि झाडाला त्याचा काडीचा उपयोग नाही. हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं धरून असतात. तो बंध तोडणं झाडाच्या आवाक्याबाहेरचं. तूर-हरभऱ्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हे काम करून देतात. पाइनला तसल्या गाठी नाहीत. स्फुरद, पालाश, चुना हे खडक झिजून थोडे थोडे मिळत राहतात, पण ग्रॅनाइटसारख्या खडकात नत्र जवळजवळ नसतो. राहता राहिला जुना माल: गळलेल्या सुया, मेलेली मुळं, मेलेले किडे. त्यांत नत्र आहे, पण प्रथिनांत अडकलेला. खाली सखल भागात जिवाणू ही प्रथिनं भराभर फोडून त्यांचा अमोनियम आणि नायट्रेट करून टाकतात. डोंगरावर वर्षातले कित्येक महिने बर्फ, उरलेले महिने थंड, आणि माती आम्लधर्मी. शिवाय पाइनच्या सुया राळेनं आणि टॅनिननं भरलेल्या. टॅनिन प्रथिनांना असं धरून बसतं की कुजण्याची गती आणखी मंदावते. थोडाबहुत अमोनियम सुटलाच तर तो मातीच्या कणांना चिकटतो, पाण्याबरोबर मुळापर्यंत वाहत येत नाही. थोडक्यात, पाइनच्या पायाखाली नत्राचा साठा असतो आणि पाइन नत्रावाचून खुरटतो.

हिमाचलात मनालीच्या वरच्या अंगाला कैलाची जंगलं आहेत. कैल म्हणजे हिमालयातला पाच सुयांचा पाइन. तिथं एकदा वाकून सुयांचा थर बोटानं बाजूला केला होता. वरच्या सुया कोरड्या, तांबूस, अखंड. त्याखाली दबलेल्या, ओलसर, मोडक्या. त्याखाली काळा, भुसभुशीत थर; त्यात सुई कुठली आणि माती कुठली ते ओळखू येत नाही. पाइनची सर्वांत बारीक मुळं याच थरात होती. भिंगातून पाहिलं तर त्यांची टोकं निमुळती नव्हती. आखूड, जाडसर, बोथट, आणि प्रत्येक टोक दोन शिंगांत फुटलेलं. एका शिंगाला पुन्हा दोन. एकावरही केस नव्हता. सगळ्यांवर फिकट रंगाचं मऊ आवरण होतं आणि त्यातून पांढरे दोरे निघून काळ्या थरात शिरले होते. एक दोरा सरळ एका अर्धवट कुजलेल्या सुईत घुसलेला. ते आवरण आणि ते दोरे बुरशीचे. तुझे की तुझ्या एखाद्या बहिणीचे, ते नुसत्या भिंगानं सांगता येत नाही.

तुझं काम इथून सुरू होतं. मुळाचं टोक तू इतकं दाट वेढतेस की त्याचा मातीशी थेट संबंध जवळपास तुटतो. केशमुळं फुटत नाहीत. त्या टोकापुरतं, मातीतून जे यायचं ते तुझ्याकडूनच यायचं. आतल्या बाजूनं तुझे धागे मुळाच्या पेशींच्या मधल्या फटींतून शिरतात, पेशीच्या आत मात्र पाऊल टाकत नाहीत. पेशींभोवती विणलेल्या या जाळीला हार्टिगची जाळी म्हणतात आणि देवाणघेवाण होते ती तिथं. बाहेरच्या बाजूनं तू मातीत पसरतेस. तुझा एक धागा मिलिमीटरच्या दोन ते दहा हजारांश इतका बारीक. पाइनचं सर्वांत बारीक मूळ जिथं अडतं तिथं तू सहज जातेस. पुष्कळ धागे एकत्र वळून तू दोरही करतेस, म्हणजे लांबचा माल मधल्या वाटेत न सांडता आणता येतो.

कुजक्या सुईपाशी पोचलीस की तू प्रथिनं तोडणारी एन्झाइम सोडतेस. प्रथिनांचे तुकडे होतात, तुकड्यांची अमिनो आम्लं होतात आणि ती तू शोषून घेतेस. जिवाणूंनी सगळं कुजवून अमोनियम करून द्यावं, मग आपण घ्यावं, एवढी वाट तू पाहत नाहीस. तुझ्या गोत्रातल्या पॅक्सिलससारख्या काही बुरशा तर लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या साहाय्यानं सेंद्रिय थराचा टणकपणाच आधी मोडतात. शोषलेला नत्र तू बहुतांशी ग्लुटामिनसारख्या अमिनो आम्लांत बांधतेस, धाग्यांतून मुळापर्यंत नेतेस आणि हार्टिगच्या जाळीत पाइनच्या पेशींसमोर ठेवतेस.

मोबदला काय घेतेस? साखर. हे मात्र ठासून सांगायला हवं, कारण चित्रफितींत नेमकं हेच गाळलेलं असतं. तुझे पूर्वज लाकूड कुजवून पोट भरणारे होते. मुळांशी सोयरीक जुळल्यावर ती हत्यारं तुमच्या घराण्यांनी बरीचशी टाकून दिली. 2008 साली लॅकेरिया बायकलर या बुरशीचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. मुळांशी भागीदारी करणाऱ्या तुम्हा मंडळींपैकी तो पहिलाच. त्यात वनस्पतीच्या पेशीभिंती फोडणारी एन्झाइम फारच थोडी निघाली. सुक्रोज, म्हणजे आपल्या उसात असते तीच साखर, फोडणारं एन्झाइम तर लॅकेरियाकडे नव्हतंच. पाइन सुक्रोज खाली पाठवतो, ती ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फोडतो तोही पाइन, आणि मग तुला ती घेता येते. पाइननं हात आखडला तर तुम्हाला उपास. दोघांच्या नाड्या एकमेकांच्या हातात आहेत.

साखरेचा हा ओघ किती मोठा, याचा अंदाज उत्तर स्वीडनमधल्या एका प्रयोगानं दिला. तिथं पेटर हॉगबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाइनच्या जंगलाच्या काही भागात प्रत्येक झाडाच्या बुंध्याची साल कड्यासारखी सोलून काढली. सालीतून खाली जाणारी साखर बंद झाली, मुळातून वर जाणारं पाणी चालू राहिलं. पाच दिवसांत मातीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड जास्तीत जास्त 37 टक्क्यांनी घटला, आणि महिना-दोन महिन्यांत सुमारे 54 टक्क्यांनी. म्हणजे जमिनीच्या श्वासोच्छ्वासातला निम्मा वाटा त्या त्या आठवड्यात वरून येणाऱ्या ताज्या साखरेवर, मुळं आणि तुम्ही मिळून चालवत होता. हा निबंध 2001 साली प्रसिद्ध झाला. अलास्काच्या टुंड्रात, जिथं नत्राची टंचाई तीव्र, एरिक आणि जॉन हॉबी यांनी 2006 साली नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून हिशेब मांडला: झुडपांना मिळणाऱ्या नत्रापैकी 61 ते 86 टक्के बुरशीमार्फत येतो आणि त्यासाठी ती झुडपं आपल्या कमाईतला 8 ते 17 टक्के कार्बन मोजतात. उपकारांचे असे दर नसतात.

तुला देवपण देण्याची खोड मात्र आजची नाही. आल्बर्ट बेर्नहार्ड फ्रांक हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. प्रशियाच्या शेतीखात्यानं त्याला ट्रफल नावाच्या महागड्या भूमिगत कवकाची लागवड करता येईल का ते शोधायला सांगितलं. ट्रफलची लागवड बाजूला राहिली, पण जंगलातली झाडं उपटून पाहताना त्याला त्यांच्या मुळांची टोकं बुरशीनं मढवलेली दिसली, आणि ती रोगट नव्हती. 1885 साली त्यानं या जोडगोळीला मायकोरायझा असं नाव दिलं आणि बुरशी ही झाडाची दाई आहे असं मत मांडलं. झाडाचं पोषण बुरशी करते ही कल्पना तेव्हा अनेकांना मानवली नाही. म्युनिकचा रोबर्ट हार्टिग हा त्याचा मोठा विरोधक. त्यातली गंमत अशी की तुझी जाळी ज्या हार्टिगच्या नावानं ओळखली जाते तो थिओडोर हार्टिग या रोबर्टचा बाप. बापानं ती चितारून ठेवली होती, बुरशीची आहे हे न ओळखता.

दाई की परजीवी, या वादाचा निकाल भाषणांनी लागण्यासारखा नव्हता. स्वीडनमध्ये एलियास मेलिन यानं 1920च्या दशकात निर्जंतुक काचपात्रात पाइनची रोपं आणि शुद्ध बुरशी एकत्र वाढवून मायकोरायझा घडवून दाखवली. पुढे हराल्ड निल्सन याच्यासह त्यानं जड नायट्रोजन वापरला. हा नायट्रोजन मूळ पोचू शकणार नाही, फक्त बुरशीचे धागे पोचतील अशा बेतानं ठेवला, आणि काही दिवसांनी तो पाइनच्या रोपात सापडला. 1953 साली हाच प्रयोग त्यांनी ग्लुटामिक आम्लावर, म्हणजे एका सेंद्रिय पदार्थावर करून दाखवला. त्यातली बुरशी होती बोलेटस व्हेरिगेटस. आज तिला स्युइलस व्हेरिगेटस म्हणतात. तुझी सख्खी बहीण. नत्राच्या मालाची पहिली पावती तुमच्या घरातली.

तुझ्यावाचून काय होतं हे वनखात्यांना मात्र प्रयोगशाळेबाहेर, तोटा सोसून कळलं. पश्चिम ऑस्ट्रेलियात रोपवाटिकांमधली पाइनची रोपं पिवळी पडून खुरटत होती. जिथं पाइन आधीपासून नीट वाढत होता तिथली माती आणून मिसळल्यावर ती सावरली. केसेल या वनाधिकाऱ्यानं 1927 साली त्यावर लिहिलं. पोर्टो रिकोमध्ये 1955 साली नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनखालची माती घातल्यावर पाइन जगू लागला. दोन्ही ठिकाणी बी, पाणी, ऊन सगळं होतं.

पण या गोष्टीचं खरं मर्म टिरोलमध्ये सापडतं. ऑस्ट्रियाच्या या डोंगरी प्रांतात उतारावर वरच्या अंगाला झिर्बं नावाचा पाइन असतो: पाच सुयांचा, कमालीचा सावकाश वाढणारा, शतकानुशतकं जगणारा. गुरांच्या कुरणांसाठी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ही जंगलं वरून खाली मागे रेटली. 1950-51च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये प्रचंड हिमस्खलनं झाली आणि अडीचशेहून जास्त माणसं दगावली. उतार पुन्हा झाडांनी बांधायला हवा हे सगळ्यांना पटलं. पण जिथून जंगल जाऊन जमाना लोटला होता तिथल्या गवताळ मातीत तूही उरली नव्हतीस, आणि खालच्या रोपवाटिकेतून वर नेलेली रोपं तग धरेनात. इन्सब्रुकचा बुरशीशास्त्रज्ञ माइनहार्ड मोझर यानं इम्स्टला प्रयोगशाळा थाटून पाइनच्या सोबतिणी शुद्ध स्वरूपात वाढवल्या, आणि रोपवाटिकेतच रोपांच्या मातीत मिसळल्या. त्याच्या लक्षात आलेली महत्त्वाची गोष्ट ही की एकाच जातीच्या बुरशीतही डोंगरावरचे वाण थंडीत जास्त चांगले वाढतात. म्हणजे नुसती बुरशी आणून भागत नाही, त्या उंचीवरची लागते. वर्षातले मोजके उबदार आठवडे जी कामाला लावू शकते तीच त्या पाइनच्या उपयोगाची.

इथवर तुझं कौतुक झालं. आता तक्रारी, कारण त्या लपवल्या तर तुझ्यात आणि चित्रफितीतल्या तुझ्यात फरक राहणार नाही.

पहिली तक्रार तुझ्या लॅकेरिया बहिणीची. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात जॉन क्लिरोनोमोस आणि मिरांडा हार्ट यांनी मातीत राहणारे स्प्रिंगटेल नावाचे बारीक प्राणी तिच्यासोबत ठेवले. बुरशी खाणं हा त्यांचा नेहमीचा उद्योग. पण इथं स्प्रिंगटेल पटापट मेले, बुरशी त्यांच्या शरीरात शिरली, आणि त्यांच्यातला नत्र शेजारच्या व्हाइट पाइनच्या रोपात उतरला: रोपाच्या एकूण नत्राच्या 25 टक्क्यांपर्यंत. 2001 सालचा हा निबंध वाचल्यापासून शांत, सात्त्विक पाइनवनाकडे माझी नजर बदलली. तुझ्या घराण्यात मात्र माल मिळवण्याचे सभ्य मार्गही आहेत. ब्रिटिश कोलंबियात लॉजपोल पाइनच्या मुळांवर स्युइलस टोमेंटोसस ही बुरशी मुळांच्या टोकांचे झुबके एका गाठोड्यात बांधते. 2007 साली तिथल्या संशोधकांना या गाठोड्यांत हवेतला नायट्रोजन बांधण्याची क्रिया चालू असलेली आढळली. काम जिवाणूंचं, जागा तुमची.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. तोर्ग्नी नेशोल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली असा प्रश्न विचारला की उत्तरेकडच्या पाइनवनातली नत्राची टंचाई तू कमी करतेस की वाढवतेस? खुणेचा नायट्रोजन मातीत घालून त्यांनी पाहिलं, तर मातीत नत्र कमी असताना त्यातला मोठा भाग तू स्वतःच्या देहात धरून ठेवत होतीस. नत्र वाढवल्यावर झाडांपर्यंत जास्त पोचत होता. मार्केट यार्डातल्या अडत्यासारखं तुझं वागणं: शेतकऱ्याच्या हाती काय पडेल ते नंतर, आपली अडत आधी वजा. पुढच्याच वर्षी ऑस्कर फ्रँकलिन आणि मंडळींनी याचं गणित मांडलं. प्रत्येक पाइनला शेजाऱ्याच्या तुलनेत थोडा जास्त नत्र हवा, म्हणून तो तुला जास्त साखर देतो. साखर मिळाल्यानं तू वाढतेस आणि वाढलेल्या देहासाठी आणखी नत्र राखतेस. एकेकट्या झाडाचा निर्णय बरोबर असतो आणि अख्खं जंगल टंचाईत अडकून पडतं. अडत्याला हटवून मात्र चालत नाही. त्याच्याशिवाय माल यार्डात येतच नाही.

तिसरी तक्रार दक्षिण गोलार्धातून. पाइन मुळात तिकडचा नाही. लाकडासाठी नेला, सोबत तूही गेलीस, आणि आता दोघं मिळून मोकळे माळ बळकावत सुटला आहात. पॅटागोनियात एकटी स्युइलस ल्युटियस लॉजपोल पाइनच्या घुसखोरीला पुरेशी ठरते, असं 2015 साली दाखवलं गेलं. आणि हे फक्त तिकडेच नाही; यात आमचाही हात आहे. कोडाईकनालच्या 'पाइन फॉरेस्ट'मध्ये फोटो काढून घेणाऱ्या मराठी पर्यटकांना सहसा माहीत नसतं की पळणीच्या डोंगरांतला पाइन बाहेरून आणून लावलेला आहे, आणि लावलेल्या जागेतून तो शोलाच्या गवताळ माळांवर पसरतो आहे. इंचभरही परकी जमीन पाइनला एकट्यानं जिंकता आली नसती.

आणि जमिनीखालच्या त्या गुजगोष्टी? 1997 साली सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी डग्लस फर आणि बर्च यांच्यात कार्बनची देवाणघेवाण होते असं दाखवलं, त्यावरून हे सगळं सुरू झालं. 2023 साली जस्टिन कार्स्ट, मेलनी जोन्स आणि जेसन होक्सेमा यांनी आजवरचा पुरावा तपासला. त्यांचा निष्कर्ष: आईझाड आपल्या पोरांना तुझ्या जाळ्यातून खाऊ घालतं, सावधगिरीचे इशारे पाठवतं, या दाव्यांना जंगलातल्या प्रयोगांचा पुरेसा आधार नाही. यातल्या जोन्सबाई 1997च्या मूळ निबंधाच्या सहलेखिका आहेत, हे विशेष. झाडाकडून तुला साखर आणि तुझ्याकडून झाडाला नत्र, एवढं मात्र शंकेच्या पलीकडे सिद्ध आहे.

मी इतका खोलात का गेलो, ते आता सांगतो. तू प्रेमापोटी सगळं करतेस असं मानलं तर आम्ही काहीही केलं तरी तू करतच राहशील असंही मानलं जातं. व्यवहार म्हटला की तो कशानं मोडतो ते विचारावं लागतं. आणि तुझा व्यवहार मोडायला कुऱ्हाड लागत नाही, फुकटचा नत्र पुरतो. गाड्यांचा आणि कारखान्यांचा धूर, खतं, गुरांच्या मोठ्या गोठ्यांतला अमोनिया यांतून नत्र हवेत जातो आणि पावसासोबत जंगलावर पडतो. पाइनला तो आयता मिळाला की तुला साखर मोजायचं कारण उरत नाही. नेदरलँड्समध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच तुमच्यासारख्यांची भूछत्रं विरळ होताना नोंदली गेली. 2018 साली युरोपातल्या 20 देशांतल्या 137 जंगलतुकड्यांमधली मुळं तपासली गेली, तेव्हा कुठल्या बुरशा टिकतात हे ठरवणाऱ्या प्रमुख कारणांत पावसातून पडणारा नत्र निघाला. सेंद्रिय थरातून कष्टानं नत्र काढणाऱ्या जाती आधी जातात. मग नत्र आयता येण्याचं थांबलं तरी तो काढून देणारं कुणी उरलेलं नसतं.

रोपवाटिकेत हेच छोट्या प्रमाणात घडतं. उत्तर अमेरिकेतला व्हाइटबार्क पाइन हा रॉकी पर्वतातला, वृक्षरेषेवर राहणारा, पाच सुयांचा. परदेशातून आलेला एक तांबेरा रोग, साल पोखरणारे भुंगेरे, वणवे आणि तापलेलं हवामान यांनी तो इतका घटला की डिसेंबर 2022मध्ये अमेरिकेनं त्याला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घेतलं. तो तांबेराही एका बुरशीचाच, हे तुझ्या जातीची आरती करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. पुनर्लागवडीसाठी मोंटाना स्टेट विद्यापीठाच्या कॅथी क्रिप्स यांनी त्याच्या मूळ सोबतिणी गोळा केल्या आणि स्युइलस सायबेरिकसच्या बीजाणूंचं पाणी रोपांना दिलं. त्यात एक पथ्य पाळावं लागतं: रोपांना खत बेतानं. पोटभर खत मिळालेलं रोप ट्रेमध्ये हिरवंगार दिसतं, मुळावर कुणाला थारा देत नाही, आणि डोंगरावर लावलं की एकटं पडतं.

आपल्याकडे हे धडे लागू पडतात ते हिमालयात. कैल, देवदार, चिलगोजा यांच्या रोपवाटिकांत. आणि तिथल्या वणव्यांत: चीड पाइनचा सुयांचा थर पेटला की त्यातला बराचसा नत्र वायुरूपानं उडून जातो, तुझा कच्चा माल आणि तुझं घर एकाच दिवशी. सह्याद्रीतल्या बहुतेक झाडांची आणि पिकांची सोबतीण वेगळी. कृषी सेवा केंद्रात पुडीत मिळणारा मायकोरायझा तुझ्या लांबच्या नातलगांचा. ते मुळाच्या पेशींच्या आत शिरतात आणि मुख्यतः स्फुरदाचा धंदा करतात. ती पुडी पाइनच्या रोपाला घालून काही साधत नाही. एवढा फरक कळला तरी तुझ्या नावावर काहीही विकणाऱ्यांचं फावणार नाही.

तेव्हा स्युइलस, मी तुझे आभार मानत नाही. तुझा मोबदला तुला पाइनकडून मिळालेला आहे. ज्यांच्या हाती डोंगर आहेत त्यांच्यापुढे मात्र तुझी बाजू मांडतो. पाइनच्या रोपांच्या नोंदवहीत बियाण्याचं गाव लिहितात तसं सोबतच्या मातीचं गाव आणि तिची उंचीही लिहावी. रोपाची उंची मोजतात तशी दहा रोपं उपटून त्यांच्या मुळांना शिंगं फुटलीत का तेही पाहावं. जंगल तोडताना काही म्हातारे पाइन उभे ठेवावेत. ते पोरांना भरवतात म्हणून ठेवायचे नाहीत, त्यांच्या मुळांवर तुझं दुकान चालू राहतं म्हणून. आणि जिथं पाइन कधीच नव्हता तिथल्या माळावर तुम्हा दोघांनाही नेऊ नये. तुझा दर ठरलेला आहे आणि तो तू लाखो वर्षांत लपवलेला नाहीस. तो वाचून घेणं आमच्याकडे बाकी आहे.

कळावे, लोभ नसला तरी चालेल, व्यवहार असावा.

तुझा,
एक हिशेबी वाचक